श्रुतींची पेटी आणि वाजविणाराचा कौल

गेल्या वर्षी भाद्रपदाच्या तोंडावर आमच्या गणेशोत्सव मंडळाची बैठक दक्षिण दिल्लीतील एका सरकारी वसाहतीत, रिवाजाप्रमाणे एका सभासदाच्या घरी भरली होती. विषयपत्रिकेवर चौथा विषय पेटीचा होता. मंडळाच्या जुन्या पेटीचा भाता वारा सोडू लागला होता आणि मध्य सप्तकातील दोन सूर बसले होते. नवी पेटी घ्यावी याविषयी दुमत नव्हते. कोणती घ्यावी याविषयी मात्र दोन तट पडले. एका तरुण सभासदाने बावीस श्रुतींच्या पेटीचा प्रस्ताव मांडला. आपल्या पूर्वजांनी बावीस श्रुती सांगितल्या असता आपण परक्यांनी ठरविलेल्या बारा सुरांवर आरत्या म्हणतो, हे आपल्याला शोभत नाही, असे त्याचे म्हणणे. सर्वांच्या माना डोलल्या. प्रस्ताव मंजूर होणार इतक्यात कोणीतरी विचारले, "पण काकांचे मत घेतले का?" काका म्हणजे आमचे पेटीवाले, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते कोपऱ्यात चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "पेटी बावीस सुरांची आणा, नाहीतर बेचाळीस सुरांची आणा. पट्टीवर बोट मी ठेवणार. तेव्हा आधी मला ती आठ दिवस वाजवून पाहू द्या."

विषय तहकूब झाला आणि त्यावर टिपण सादर करण्याचे काम आमच्याकडे आले. केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याच्याकडे दुसरे काय येणार! पण टिपणासाठी जुने वाचू लागलो तेव्हा आमच्या ध्यानात आले की, आमच्या मंडळातील हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. त्याचा उगम सांगलीत आहे, त्याची पहिली जाहीर तपासणी बडोद्यास झाली आहे आणि त्याचा सरकारी निकाल आम्ही रोज बसने जातो त्या संसद मार्गावरील आकाशवाणीच्या खात्याने एकदा दिला व तीस वर्षांनी अर्धाअधिक फिरविला आहे. आमच्यासारख्या परमुलखात चाकरीनिमित्त राहणाऱ्यांस ही हकीकत दोन कारणांनी वाचनीय वाटेल. एक तर तिच्यातील मुख्य पात्रे बहुतांशी सरकारी अधिकारी आहेत. दुसरे असे की, जुना वारसा नियमाने टिकतो की हाताने, हा प्रश्न आम्हां सर्वांच्या घरचा आहे.

हार्मोनियम मूळची युरोपातील. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ यांनी १८४० च्या सुमारास ती सिद्ध केली. मिशनऱ्यांबरोबर व साहेबांच्या सामानाबरोबर ती हिंदुस्थानात आली. तिकडे ती पायाने भाता मारून, खुर्चीवर बसून वाजविण्याची वस्तू होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' पेढीने तिला जमिनीवर बसविले. भाता मागे गेला, तो डाव्या हाताने हलवावा आणि उजव्या हाताने पट्ट्या वाजवाव्या अशी सोय झाली. मांडी घालून बसणाऱ्या देशात या एका बदलाने ती परकी पेटी घरची झाली.

महाराष्ट्राने तिला जितक्या मायेने जवळ केले, तितके क्वचितच दुसऱ्या प्रांताने केले असेल. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग १८८० साली पुण्यास झाला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोहोचविणारे, गाडीवर घालून गावोगाव नेता येणारे आणि प्रत्येक पदापूर्वी सुरात लावीत बसावे न लागणारे वाद्य नाटकमंडळीस हवे होते. पायपेटीने व पुढे ऑर्गनने ते काम केले. त्यात एक सामाजिक कारणही होते. सारंगी ही त्या काळी कोठीवरील गाण्याशी जोडली गेली होती आणि पांढरपेशा घरात तिला प्रवेश नव्हता. पेटीला पूर्वचरित्रच नव्हते, म्हणून ती देवघराशेजारीही बसू शकली. तथापि गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनबरोबर कादरबक्ष यांची सारंगीही होती, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी तर पेटीला साथीच्या बैठकीवरून उठवून स्वतंत्र मैफलीच्या आसनावर बसविले.

आता तक्रारीकडे वळू. पेटीवरील आक्षेप केवळ स्वदेशाभिमानाचा नव्हता. त्यामागे गणित होते, आणि ते गणित खरे होते. षड्ज सेकंदास २४० आंदोलनांचा धरला तर तानपुऱ्याच्या जोडीत सहज ऐकू येणारा शुद्ध गंधार ३०० आंदोलनांचा, म्हणजे षड्जाच्या सव्वापट येतो. षड्ज-पंचम भावाने पायरी पायरीने चढत गेलो तर दुसरा, किंचित चढा गंधार मिळतो, तो ३०३.७५ चा. युरोपात सर्व स्वरांवरून सारखेच वाजविता यावे म्हणून सप्तकाचे बारा समान भाग पाडले गेले. त्या हिशेबाने पेटीतील गंधार ३०२.४ च्या आसपास पडतो, म्हणजे तो या दोहोंपैकी कोणताच नव्हे. धैवताचेही तसेच. एक धैवत ४०० चा, दुसरा ४०५ चा, आणि पेटीतला ४०३.६ चा. पंचम तेवढा जवळजवळ बरोबर. जुळलेल्या तानपुऱ्याशेजारी बसून यमनचा गंधार पेटीवर धरून ठेवला म्हणजे तयार कानास जी कुरकुर जाणवते, ती या दोन-अडीच आंदोलनांची.

ही कुरकुर ज्यांस सहन झाली नाही त्यांत सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे अग्रभागी होते. पेशाने ते डेप्युटी कलेक्टर. सेवानिवृत्तीनंतर कित्येक अधिकारी जमाखर्च व नातवंडे यांत रमतात. देवलांनी श्रुती मोजावयास घेतल्या. त्यांच्या भाग्याने त्यांस गळाही असा मिळाला की ज्याच्या सुरेलपणाविषयी शंका घेणारा माणूस विरळा. तो गळा म्हणजे मिरजेस आपले नाव कायमचे जोडून गेलेले अब्दुल करीम खाँ. खाँसाहेबांनी गावे आणि देवलांनी तारेच्या लांबीवरून स्वराचे प्रमाण काढावे, अशा रीतीने ग्रंथांतील बावीस श्रुती व प्रत्यक्ष गायनातील स्वर यांचा मेळ त्यांनी लावून पाहिला. १९१० साली पुण्यास त्यांचे हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती यांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांस समानधर्मी भेटले ते मुंबई इलाख्यातील आय. सी. एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स. त्यांनीही १९१३ साली हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासाची प्रवेशिका लिहिली.

या दोघा अधिकाऱ्यांनी मग ठरविले की, दोष पेटीच्या जातीचा नाही, तिच्या स्वरांचा आहे. तेव्हा पेटीच नवी घडवावी. लंडनच्या मूर यांच्या कारखान्यातून त्यांच्या मापांबरहुकूम 'श्रुति-हार्मोनियम' तयार होऊन आली. सप्तकात बारांच्या जागी बावीस श्रुतींची तजवीज, आणि प्रत्येक श्रुती अपूर्णांकाने निश्चित केलेली. प्राचीन शास्त्राचा आत्मा अर्वाचीन यंत्राच्या शरीरात घालण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्यामागील श्रम व निष्ठा यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. घरचे पैसे व निवृत्तीची वर्षे खर्चून कोणी दोन आंदोलनांच्या फरकासाठी इतका झटतो, ही गोष्ट सामान्य नव्हे.

पण पेटी घडविली म्हणजे ती वाजविणारांस पटलीच असे होत नाही. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचे सूत्रधार पंडित विष्णु नारायण भातखंडे. ते पेशाने वकील, तेव्हा पुरावा मागण्याची त्यांची सवय उपजतच म्हणावयाची. नवी पेटी या परिषदेपुढे आली. उदयपूरचे ध्रुपदिये झाकीरुद्दीन खाँ यांच्या गळ्याशी ती ताडून पाहण्यात आली, आणि जमलेल्या गुणिजनांच्या मते ती त्या कसोटीस उतरली नाही. कागदावर ज्या पेटीत एकही चूक नव्हती, ती गाणाराशेजारी ठेवताच अपुरी ठरली.

असे का व्हावे? ध्रुपदियांस अपूर्णांक कळत नव्हते म्हणून, असे म्हणून देवलांचा पक्ष समाधान मानू शकला असता. आमच्या मते कारण निराळे आहे. श्रुती ही गायकाच्या गळ्यात एखाद्या खुंटीसारखी रोवलेली नसते. दरबारीचा कोमल गंधार आंदोलन घेतो. भैरवाचा रिषभ षड्जाकडे झुकत हेलकावतो. त्या झोक्याची मधली जागा मोजून तिचा सूर ओतला, तर हाती लागते ती झोक्याची सरासरी, झोका नव्हे. एकाच रागात चढताना लागणारा स्वर व उतरताना लागणारा स्वर यांत केसाएवढे अंतर पडते, आणि मींड तर दोन स्वरांच्या मध्येच वास करते. शिवाय अपूर्णांकांनी बांधलेली पेटी एकाच षड्जाला बांधली जाते. गाणारा काळी एकचा असो की गाणारी काळी पाचची असो, साध्या पेटीस त्याचे काही वाटत नाही. नव्या पेटीचे सारे गणित मात्र षड्ज हलताच विस्कटते. म्हणजे साध्या पेटीचा जो दोष, तोच तिचा उपयोग होता. देवल-क्लेमंट्स यांनी दोष काढला, त्याबरोबर उपयोगही गेला. स्वतः भातखंड्यांनी आपल्या दहा थाटांची मांडणी बारा स्वरांवरच केली, ही गोष्ट या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. श्रुती त्यांस अमान्य होत्या असे नव्हे. त्या गायकावर सोपविणे त्यांनी इष्ट मानले.

श्रुति-हार्मोनियम मागे पडली, पण तिला जन्म देणारा आक्षेप मागे पडला नाही. तो आता पुस्तकांतून कचेऱ्यांत शिरला. फॉक्स स्ट्रँगवेज यांनी १९१४ सालच्या आपल्या ग्रंथात पेटीविषयी प्रतिकूल लिहिले होते. १९३६ च्या आत्मचरित्रात पंडित नेहरूंनीही या वाद्याविषयीची आपली नावड लपविली नाही. त्याच वर्षाच्या आरंभी दिल्लीचे नभोवाणी केंद्र अलीपूर रोडवरील एका बंगल्यातून बोलू लागले. तेथील पाश्चात्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लेखणी चालविली. नभोवाणीचे नियंत्रक लायोनेल फील्डन त्याच मताचे होते. रवींद्रनाथांनीही १९४० च्या आरंभी पेटीविरुद्ध कलकत्ता केंद्रास पत्र लिहिले. अखेर १ मार्च १९४० पासून नभोवाणीवर हार्मोनियमला मज्जाव झाला.

ही बंदी आपल्या डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी घातली असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो, तो दुरुस्त केला पाहिजे. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले ते १९५२ साली. बंदी त्यांस वारशाने मिळाली आणि १९६२ पर्यंतच्या आपल्या कारकिर्दीत त्यांनी ती मोठ्या श्रद्धेने सांभाळली, इतकेच. त्यांच्या काळी कलावंतांच्या श्रवणचाचण्या सुरू झाल्या, १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली आणि अभिजात संगीतास घरोघरी स्थान मिळाले. त्या पुण्याईकडे डोळेझाक करून केवळ पेटीसाठी त्यांस दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. बंदीचाही एक सुपरिणाम झाला. साथीसाठी सारंगियांस केंद्राकेंद्रांवर नोकऱ्या मिळाल्या आणि एक मावळती विद्या काही काळ तगून राहिली.

तरी पण तीस वर्षांच्या या मज्जावाकडे पाहता एक गोष्ट लपत नाही. बंदी नभोवाणीच्या दारापुरती होती. तेच गवई सायंकाळी मैफलीत बसले की शेजारी पेटी असे. म्हणजे वाजविणारांचा व गाणारांचा कौल रोज, शब्दावाचून, दिला जात होता. फक्त तो टिपणावर चढत नव्हता. १९७० च्या सुमारास आकाशवाणीने या प्रश्नावर चर्चासत्र बोलाविले. त्यानंतर १९७१ साली वरच्या श्रेणीच्या कलावंतांस साथीसाठी पेटी घेण्याची मुभा मिळाली, स्वतंत्र वादनावरील निर्बंध मात्र उठला नाही. ज्यांनी फायली चालविल्या आहेत त्यांस हा निर्णय परिचित वाटेल. चूक कबूल न करता ती दुरुस्त करण्याची ही आमची खात्यांची जुनी शैली आहे.

या मधल्या काळात पेटी वाजविणारे काय करीत होते? ते गणिताशी भांडत बसले नाहीत. महाराष्ट्रातील वादकांनी आपल्या पेट्या 'गांधार ट्यूनिंग'मध्ये लावून घेण्यास आरंभ केला. एक षड्ज ठरवावयाचा आणि त्याच्या हिशेबाने गंधार, धैवत इत्यादी सूर कानाने उतरवून घ्यावयाचे. पितळेच्या सुराचे टोक किंचित घासले की तो चढतो, बुडाशी घासला की उतरतो. एवढ्याशा कानशीच्या कामात देवलांच्या प्रबंधाचा अर्धा भाग येऊन जातो. मींड नाही, तर भात्याचा दाब आवरून व कणस्वर लावून मींडेचा भास त्यांनी निर्माण केला. आप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांची साथ ज्यांनी ऐकली आहे, त्यांस हा भास किती बलवत्तर असतो ते सांगावयास नको. मूळचे नागपूरचे मनोहर चिमोटे यांनी पेटीस स्वरमंडळाची जोड देऊन तिचे नाव 'संवादिनी' ठेविले आणि एकल वादनाचा मार्ग रुंद केला. खुद्द दिल्लीत महमूद धौलपुरी यांनी दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विभागात राहून असंख्य गायकांस साथ केली. २००६ साली त्यांस पद्मश्री मिळाली; पेटीवादकास मिळालेला तो पहिलाच पद्म सन्मान.

आणि देवलांचे स्वप्नही मेले नाही. मुंबईकडील डॉ. विद्याधर ओक यांनी या शतकात बावीस श्रुतींची पेटी पुन्हा घडविली. डॉक्टर वैद्यकातले, पण पेटी शिकलेले गोविंदराव पटवर्धनांकडे. त्यांच्या रचनेत षड्ज व पंचम अचल असून उरलेल्या दहा पट्ट्यांस प्रत्येकी दोन श्रुती आहेत. खुंट्या ओढून, रागास हवी ती श्रुती वादकाने आधी निवडावयाची. आमच्या समजुतीने दोन प्रयत्नांतील खरा भेद येथे आहे. १९११ च्या आसपासची पेटी ग्रंथाकडून वादकाकडे आली होती. ही पेटी वादकाच्या बोटाकडून ग्रंथाकडे गेली आहे. सर्व वादकांस तीही मान्य आहे असे नाही. मींड तिच्यातही नाही आणि खुंट्यांचा व्याप मैफलीच्या ओघात नकोसा वाटतो, असे म्हणणारे आहेत. पण निवड वादकाच्या हाती ठेवली आहे, हे कोणी नाकारीत नाही.

एवढे सगळे लिहून आम्ही टिपण सादर केले. दरम्यान एका स्नेह्याकडून बावीस श्रुतींची पेटी मागून आणून काकांकडे ठेवण्यात आली होती. आठव्या दिवशी त्यांनी आपले मत सांगितले. "यमन वाजवायला बसलो तर दोन तास उठवत नाही. गंधार असा लागतो की तानपुरा हसतो. पण आरतीला पन्नास माणसे आपल्या पट्टीत सुटतात, एक आरती संपते न संपते तोच दुसरी निराळ्या चालीवर धरतात. तेवढ्यात मी खुंट्या ओढू की साथ करू? आरतीला साधी पेटी घ्या, चांगल्या सुरांची. आणि जुनी पेटी मोडीत काढू नका. ती मला द्या."

मंडळाने तसे केले. जुन्या पेटीचा भाता बदलला, बसलेले सूर नवे घातले आणि काकांच्या देखरेखीखाली ती काळी एकला धरून गांधार ट्यूनिंगमध्ये लावून घेतली. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री पांगापांग झाल्यावर त्यांनी नवी व जुनी अशा दोन्ही पेट्या शेजारी ठेविल्या, मोबाइलवरील तानपुरा सुरू केला आणि आधी नवीवर व मग जुनीवर एकच गंधार धरला. बावीस श्रुतींचा प्रस्ताव मांडणारा तो तरुण सभासद सतरंज्या गुंडाळीत होता. तो थांबला. त्याचा जन्म दिल्लीचा, शिक्षण दिल्लीचे. मराठी घरात बोलतो तेवढीच. ३०० व ३०२.४ हे आकडे त्याने आमच्या टिपणात वाचले होते, पण त्यांतील अंतर प्रथम त्या क्षणी त्याच्या कानी पडले असावे. तो म्हणाला, "काका, तो जुन्यावरचा पुन्हा एकदा."

काकांनी पुन्हा लावला. मग त्यांनी सरकून जागा केली आणि त्याला आपल्या शेजारी बसविले. आता दर शनिवारी तो त्यांच्याकडे जातो. अलंकार वाजवून वाजवून शेजाऱ्यांस त्याने जेरीस आणले आहे, अशी तक्रार मंडळाकडे आली आहे. ती आम्ही दाखल करून घेतली आहे, आणि तिच्यावर कार्यवाही करण्याचा आमचा विचार नाही.

आमच्या टिपणाच्या नमुन्यात आम्ही मात्र एक सुधारणा केली आहे. मंडळासाठी कोणतीही वस्तू घ्यावयाची झाल्यास किंमत, पुरवठादार व मंजुरी या रकान्यांच्या आधी आता एक रकाना असतो : 'वापरणाराने वापरून पाहून दिलेले मत'. बडोद्याच्या परिषदेने हा रकाना १९१६ सालीच भरला होता. १९४० साली तो भरावयाचा राहिला, आणि ती चूक अंशतः दुरुस्त होण्यास एकतीस वर्षे लागली.